अठरा मीटरवरचं भांडण

अठरा मीटर खोल पाण्यात नवरा-बायको भांडायला लागले आणि मी दोघांच्या मध्ये तरंगत राहिलो.

भांडण अगदी साग्रसंगीत होतं. बाई दोन्ही हातांनी तावातावाने बोलत होती, बुवा मान झटकत होता आणि मध्येच तिच्या मास्कसमोर बोट नाचवत होता. त्याचे फुगे नुसते भसाभस वर चालले होते. समुद्राखाली भांडता येतं हे तोवर माझ्या गावीही नव्हतं. तोंडात नळी घट्ट धरलेली, मग माणूस भांडणार कशानं? पण निवास आणि वासंती चौगुले या दोघांनाही ऐकू येत नव्हतं. त्यांची भाषा हातांची होती आणि ती होडीत जशी चालायची तशीच समुद्राच्या तळाशी चालत होती.

मी मालवणचा. कित्येक वर्षं लोकांना सिलिंडर लावून समुद्रात उतरायला शिकवत होतो. आम्ही कानवाले पाण्यात गेलो की मुके होतो. सगळं ठीक, वर चला, खाली चला, हवा किती, हवा संपली, अशा दहा-बारा खुणांत आमचं बोलणं आटोपतं. ही दोघं मात्र खाली आल्यापासून अखंड गप्पा मारत होती. पाकट मासा दिसला की त्यावर चर्चा, तांबोशी माशांचा थवा गेला की त्यावर चर्चा. एकदा तर दोघंही कशावर तरी हसली, आणि नळी सांभाळत हसणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे. मला त्यांचा हेवा वाटला. माझ्याच समुद्रात मी परका पाहुणा झालो होतो.

आणि मग हे भांडण. त्यात अधूनमधून बाईचं बोट माझ्याकडे वळत होतं. मला वाटलं, माझ्या शिकवण्याबद्दल काही तक्रार असावी.

दोघं कोल्हापूरची. निवास छापखान्यात यंत्रावर काम करायचा, जन्मापासून बहिरा. वासंतीताई मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवायच्या. सात वर्षांच्या असताना तापात त्यांचे कान गेले. तोवर बोलायला शिकल्या होत्या, त्यामुळे त्या बोलायच्या, एकेक शब्द सुटा आणि मोठ्या आवाजात, आणि समोरच्याचे ओठ बघून त्याचं बोलणं ओळखायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दम भरला होता.

"सर, मिशीवर हात ठेवून बोलू नका. खाली बघून बोलू नका. मला ओठ दिसले पाहिजेत."

"बरं," मी म्हटलं आणि हात खाली घेतला.

उथळ पाण्यातले धडे त्यांनी मन लावून गिरवले. मी सगळ्यांना सांगतो तेच त्यांना सांगितलं. सिलिंडर फुटून कुणी मरत नाही. माणूस गमतीत रमतो, हवा दाखवणारा काटा बघायला विसरतो आणि हवा संपते. म्हणून एक डोळा आपल्या काट्यावर आणि दुसरा जोडीदाराच्या. अर्धी हवा उरली की माघारी फिरायचं. आणि एवढं करूनही संपलीच, तर एकट्याने वर धूम ठोकायची नाही. जोडीदाराकडे जायचं, गळ्यावरून आडवा हात फिरवून हवा संपल्याची खूण करायची आणि हवा मागायची. जोडीदाराच्या जॅकेटला जादाची पिवळी नळी असते, ती तोंडात घ्यायची. एकमेकांचे पट्टे धरायचे आणि सावकाश वर यायचं. येताना छातीत श्वास कोंडायचा नाही, नाहीतर वर येता येता तीच हवा फुगते आणि फुप्फुस फाडते.

वासंतीताईंनी हे सगळं निवासला हातांनी सांगितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुमचा जोडीदार कोण?"

"माझा? समुद्र."

हे माझं ठरलेलं वाक्य. त्यावर पर्यटक हमखास हसतात, फोटो काढतात. त्या हसल्या नाहीत. ओठ नीट दिसले नसतील, असं मी धरून चाललो.

त्या दिवशी सकाळी आम्ही शेवटच्या बुडीसाठी होडी काढली. तासाभरावर समुद्रात काळे खडक आहेत, तिकडे चाललो होतो. होडीवर बाबलकाका तांडेल. मी लहान असल्यापासून होडी तेच चालवतात, आता दात पडलेत आणि कान मात्र शाबूत आहेत. इंजिन सुरू करता करता त्यांनी रोजचा प्रश्न टाकला.

"शालन कधी येता रे?"

"शिमग्याक येतली."

"दिवाळेक येतली म्हणालं होतस."

"तिच्या आवशीक बरा नाय, काका."

शालन म्हणजे माझी बायको. गणपती झाल्यावर ती वेंगुर्ल्याला माहेरी, आईकडे गेली होती. भांडण काहीच झालं नव्हतं. आमच्यात कधी भांडण होतच नसे. ती काही विचारायची, मी 'बरा आसा' म्हणायचो आणि भिंतीवर अडकवलेली जाळी बघत बसायचो. यष्टीत चढताना ती एवढंच म्हणाली, "तुझ्यावांगडा रवान पण मी एकटीच आसंय." माझ्यासोबत राहूनही एकटी. मी म्हटलं, "बरा." पुढे तिचा भाऊ येऊन तिची शिलाई मशीन घेऊन गेला. मशीन गेलं म्हणजे काय झालं हे न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो. पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तोंडाने बोललो की खरं होईल, अशी भीती वाटायची. संध्याकाळी घरी जायचो, भात टाकायचो, कालचं कालवण गरम करायचो, आणि रेडिओ लावून ठेवायचो. आवाज असला की ताटात बघून जेवता येतं.

तर काळ्या खडकांपाशी नांगर टाकून आम्ही खाली उतरलो.

उतरताना एक गोष्ट मी आठवणीने केली होती. एरवी खाली कुणाचं लक्ष वेधायचं असलं की मी एक लोखंडी सळी सिलिंडरवर ठोकतो. टण्ण आवाज पाण्यात लांबवर जातो आणि सगळे वळून बघतात. या दोघांना तो ऐकू जाणार नव्हता, म्हणून आम्ही टॉर्च ठरवला होता. मी प्रकाश हलवला की माझ्याकडे बघायचं.

पहिला अर्धा वेळ छान गेला. वासंतीताईंनी मला खूण केली, हवा किती? मी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला, सगळं ठीक. थोड्या वेळाने परत विचारलं, हवा किती? मी परत गोल केला. मला वाटलं, बाई घाबरली आहे, तिला धीर हवा आहे. म्हणून मी तिचाच काटा बघितला आणि तिला शाबासकी दिली. तिने डोळे मोठे केले. मग ती नवऱ्याकडे वळली, आणि बहुतेक तिथूनच ठिणगी पडली.

दोघांची हवा निम्म्यावर आल्यावर मी माघारी फिरायची खूण केली. दोघांनीही ठीक म्हणून सांगितलं आणि खडकाच्या कडेने नांगराच्या दोरीकडे निघाली. निघाली म्हणजे, चार हात पुढे जायची, थांबायची, भांडायची. मी मध्ये हात घातला. वासंतीताईंनी तो हळूच बाजूला केला. घरात दोन मोठी माणसं बोलत असताना मधे आलेल्या मुलाला बाजूला करतात, तसा. मी वर चला म्हणून अंगठा दाखवला. निवासने तळहात दाखवला, थांबा. माझ्याच विद्यार्थ्याने मलाच थांबवलं.

मी त्याचा काटा बघायला पुढे सरकणार, तेवढ्यात त्याने ती गोष्ट केली.

त्याने डोळे मिटले आणि बायकोकडे पाठ फिरवली.

मला नंतर समजलं की त्यांच्यात याहून मोठा अपमान नाही. आपण रागावलो तर दार आपटून जातो, पण दाराबाहेरूनही पलीकडच्याची चार वाक्यं कानावर येतात. त्यांचं तसं नाही. डोळे मिटले, पाठ केली, की समोरच्याचं बोलणं जागच्या जागी संपलं. निवास वळला आणि रागारागाने पाय मारत खडकाच्या पलीकडच्या बाजूला निघून गेला. त्या बाजूला प्रवाह अंगावर येत होता. माणूस रागात पोहतो तेव्हा त्याच्या हवेला धरबंध राहत नाही, आणि प्रवाहाविरुद्ध तर मुळीच नाही.

मी सळी काढली आणि सिलिंडरवर ठोकली. दोनदा, तीनदा, जीव खाऊन. आसपासचे मासे सैरावैरा पळाले. मग माझं मलाच उमजलं की मी कुणाला हाक मारतोय. टॉर्च काढला, हलवला, पण पाठ केलेल्या माणसाला प्रकाश कसा दिसणार? त्या क्षणी मला फार एकटं वाटलं. माझ्याकडे बोलवायला होतं नव्हतं ते सगळं वापरून झालं होतं आणि तो माणूस माझ्यापासून लांब लांब जात होता.

आम्ही दोघं त्याच्या मागे सुटलो. वासंतीताई माझ्या पुढे होत्या. त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर नजर रोखली होती, आणि मीही तिथेच बघत होतो, कारण तिथून त्याचे फुगे उठत होते.

फुगे विरळ झाले. मग थांबले.

निवासच्या खांद्यांना एक हिसका बसला. त्याने आणखी एकदा श्वास ओढून बघितला असणार. हवा संपत आली की नळी एकदम बंद पडत नाही. आधी श्वास जड होतो, मग आणखी जड, मग रिकामी बाटली चोखल्यासारखं होतं. तो गर्रकन वळला. मास्कमागचे त्याचे डोळे मी आजवर विसरलेलो नाही. गळ्यावरून आडवा हात, पिवळी नळी, मागायची पद्धत, सगळं शिकवलेलं त्याच्या डोक्यातून धुऊन गेलं होतं. बायको पुढ्यात येताच त्याने तिच्या तोंडातलीच नळी हिसकून घेतली.

घाबरलेली माणसं हेच करतात. जिच्यातून हवा येताना दिसते तीच नळी त्यांना हवी असते. अशा वेळी समोरच्याने झोंबाझोंबी केली की दोघंही संपतात. वासंतीताईंनी नळी सोडून दिली. नुसती सोडली नाही, त्याच्या तोंडात नीट बसेपर्यंत धरून ठेवली. मग स्वतःच्या पिवळ्या नळीसाठी छातीवर चाचपलं. नळी तिथे नव्हती. मघाच्या हातवाऱ्यांत ती सुटून पाठीमागे लोंबत होती.

त्यांनी डाव्या बाजूला चाचपलं, उजव्या बाजूला चाचपलं. तोंडातून बारीक बारीक फुगे सोडत होत्या, शिकवल्याप्रमाणे. माझ्याकडे वळल्या आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला. इतकी स्वच्छ खूण मी परीक्षेतसुद्धा बघितली नव्हती.

मी माझी पिवळी नळी त्यांच्या तोंडात दिली.

आता आमची तिघांची साखळी झाली. निवास बायकोच्या सिलिंडरवर, बायको माझ्या सिलिंडरवर. दोघांचे पट्टे मी मुठीत आवळले. वासंतीताईंचा काटा हवा संपत आल्याच्या लाल पट्ट्याजवळ होता आणि निवास ती हवा घटाघटा पीत होता. माझ्या सिलिंडरमधून मी आणि वासंतीताई श्वास घेत होतो. फार वेळ नव्हता, पण सावकाश वर जाण्याएवढा होता. मी वर चलण्याची खूण केली.

सावकाश म्हणजे काय ते कळण्याच्या पलीकडे निवास गेला होता. वर उजेड दिसत होता आणि त्याला तिथे पोहोचायचं होतं, झालं. त्याने पाय झाडायला सुरुवात केली. तो जोरकस गडी होता, आम्हा दोघांना घेऊन तो वर सुटू लागला. वर सुटला असता आणि छातीत श्वास कोंडलेला असता, तर पृष्ठभागावर मी एका मेलेल्या माणसाला धरून आलो असतो. मी माझ्या जॅकेटमधली तरंगवणारी हवा सोडली, पाय पसरले, अंगाचा सगळा भार खाली दिला. तरी तो खेचतच होता.

तेव्हा वासंतीताईंनी एका हाताने त्याची हनुवटी धरली आणि त्याचा मास्क आपल्या मास्कला भिडवला. त्याने डोळे मिटून घेतले. त्यांनी त्याच्या गालावर चापट मारली. डोळे उघडले. मग त्या दुसऱ्या हाताने बोलल्या. थोडंसंच बोलल्या. चार-पाच खुणा असतील, परत त्याच, परत त्याच.

निवासचे पाय थांबले.

त्याने श्वास सोडला. फुग्यांचा मोठा लोट वर गेला. मग दुसरा श्वास, मग तिसरा. बायको छातीवर हात वरखाली करून त्याला ताल देत होती आणि तो तिच्या तालावर श्वास घेत होता. आम्ही वर निघालो. पाण्याचा हिरवा रंग फिका होत गेला. वाटेत थोडं थांबून वर यायची पद्धत आहे, पण हवा कमी असताना थांबत नसतात, म्हणून थांबलो नाही. बायकोच्या काट्याची सुई तळाला टेकली तेव्हा आमची डोकी पाण्याबाहेर आली.

वरही संपलं नव्हतं. रिकाम्या सिलिंडरने जॅकेट फुगत नाही आणि जॅकेट फुगलं नाही तर थकलेला माणूस परत बुडतो. मी निवासच्या जॅकेटच्या नळीत तोंडाने फुंकर मारमारून हवा भरली. होडी जवळ आली. बाबलकाकांनी त्याला बगलेत धरून वर ओढला.

"काय झाला रे?"

"हवा सोपली त्येची."

"देवा रामेश्वरा!" काकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी त्याला झोपवून छाती बघितली, थुंकायला लावलं, थुंकीत रक्त नव्हतं. श्वास नीट चालला होता. वासंतीताई त्याच्या उशाशी बसून राहिल्या, केसांतलं पाणी निथळत होतं. मी म्हटलं, आता एकमेकांच्या गळ्यात पडून रडतील.

निवास उठून बसला. रुमालाने तोंड पुसलं. आणि दोघांनी भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

बाबलकाका बघतच राहिले. "हे काय रे, दिगू? मराचो वाचलो, आणि परत झगडूक लागली?"

"भांडू दे, काका. होडी घे मालवणाक."

पण मलाही राहवेना. थोड्या वेळाने भांडण निवळलं, निवास कडेला टेकून डोळे मिटून पडला. या खेपेला ते रागाचं मिटणं नव्हतं. मी वासंतीताईंच्या समोर बसलो, मिशीवरचा हात काढून विचारलं, "ताई, खाली त्याला काय सांगितलंत? तो एकदम शांत कसा झाला?"

त्या मोठ्याने हसल्या. "मी म्हटलं, भांडण संपलं नाही. वर जाऊन पूर्ण करायचं आहे."

"आणि भांडण कशावरून होतं?"

"तुमच्यावरून."

"माझ्यावरून?"

"मी तुम्हाला विचारलं, हवा किती? तुम्ही असं केलंत." त्यांनी बोटांचा गोल केला. "परत विचारलं. परत असं. आकडा नाही. मी निवासला म्हटलं, आपण दोघं जोडी. सर एकटे. सरांची हवा कोण बघतं?"

माझी नजर माझ्या काट्यावर गेली.

"तो म्हणाला, ते सर आहेत. त्यांना सवय आहे. तू नाक खुपसू नको. मी म्हटलं, एकट्या माणसाला काही झालं तर कुणाला दिसणार? तो म्हणाला, तुला सगळ्यांची काळजी. मी म्हटलं, तुला कुणाचीच नाही. मग त्याच्या बहिणीचं लग्न निघालं. त्या लग्नात तो कसा वागला. मग माझी आई निघाली." त्यांनी हात झटकले. "मग त्याने पाठ फिरवली."

मला हसू यायला हवं होतं. बहिणीच्या लग्नापायी समुद्राच्या तळाशी जीव जाणार होता, यापेक्षा हसण्यासारखं काय असतं? पण हसू आलं नाही. इतक्या वर्षांत शेकड्यांनी माणसं माझ्या मागून पाण्यात उतरली. सगळ्यांचे काटे मी बघितले, सगळ्यांच्या नळ्या तपासल्या. माझा काटा बघायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी मी दाखवला नसता.

"सर," वासंतीताईंनी विचारलं, "घरी कोण असतं?"

बाबलकाका मागे सुकाणूपाशी बसले होते, कान टवकारून. इंजिनचा आवाज होता, तरी त्यांच्या कानांची मला खात्री नव्हती. माझ्या तोंडात तयार उत्तर आलं होतं, बायको माहेरी गेली आहे, शिमग्याला येईल. मी ते गिळलं. मग मला सुचलं की या बाईशी बोलायला आवाजाची गरजच नाही.

मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. "कुणी नसतं. बायको गेली. ती आता परत येणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच ते वाक्य मी तोंडाबाहेर काढलं होतं, आणि ते एका बहिऱ्या बाईपलीकडे कुणीही ऐकलं नव्हतं.

वासंतीताई हसल्या नाहीत, अरेरे म्हणाल्या नाहीत. त्यांनी निवासला हलवून जागं केलं आणि हातांनी त्याला सगळं सांगितलं. भर दुपारी उन्हात माझी खाजगी गोष्ट बोटांवरून चालली होती आणि मी ती थांबवूही शकत नव्हतो. निवास माझ्याकडे बघत राहिला.

"काय सांगता ती?" मागून काकांनी विचारलं.

मी ओल्या जॅकेटचे पट्टे सोडवायला घेतले.

"दिगू, तुका इचारतंय. काय सांगता?"

मी मागे वळलो. काय म्हणावं ते सुचेना आणि खोटं बोलायलाही सुचेना. "शालनचा सांगता," मी मोठ्याने म्हटलं. "ती येवची नाय, काका. शिमग्याक नाय आणि चवथीक पण नाय. कायमची गेली ती."

काकांनी इंजिन बंद केलं. होडी लाटांवर डुलायला लागली.

"माका ठावक आसा," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तिच्या भावान मशीन नेल्यान तेव्हापासून. गावात सगळ्यांकच ठावक आसा."

"मगे रोज कित्याक इचारी होतस?" माझा आवाज चढला. मला खरोखर राग आला होता. "रोज सकाळी माका खोटा बोलूक लावी होतस!"

"खोटा बोलूक नाय रे," काका म्हणाले. ते सुकाणूकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "एक दिवस तरी खरा सांगशीत म्हणान इचारी. आणि काय इचारू? तू दुसरा काय बोलतंस?"

मला एवढंच आठवतं की मी खाली बसलो आणि रडलो. पन्नाशीला टेकलेला माणूस पर्यटकांसमोर, होडीच्या बुडाशी साठलेल्या पाण्यात बसून हमसाहमशी रडला. काकांनी इंजिन परत सुरू केलं नाही. घाई नव्हती, पुढे किनारा दिसत होता. चौगुले नवरा-बायको माझ्यासमोर बसून होती आणि त्या सकाळपासून पहिल्यांदा त्यांचे हात मांडीवर गप्प होते.